एक्सपीच्या डब्यावर नेट: सुपरमियम, मायपाल, अँटीएक्स आणि गोलाणीतला कारागीर

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका. विंडोज एक्सपीवर आजच्या वेबसाइटा उघडायच्या असतील तर सुपरमियम नावाचा ब्राउझर टाका, फुकट आहे, चालतो. रॅम निदान २ जीबी पाहिजे. बँकेचं काम त्याच्यावर करू नका. पण सगळं करून झाल्यावर माझं मत असं झालंय की ज्या कामासाठी लोक जुन्या मशीनला नेट जोडायला बघतात त्या कामाला बऱ्याचदा ब्राउझर लागतच नाही, ते पुढे येतंच.

एक्सपी अजून कोण वापरतं भो, असं विचारणारे असतील. तर खान्देशात कोणत्याही तालुक्याच्या गावी जा आणि जुन्या प्रेसमध्ये किंवा डीटीपीवाल्याकडे डोकावून बघा. आमच्या मामांची अमळनेरला छोटी प्रेस आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, गंधमुक्तीच्या (मृत्यूनंतरच्या विधीच्या) पत्रिका, निवडणूक आली की पत्रकं. मशीन म्हणजे ड्युअल कोअर, १ जीबी रॅम, ८० जीबीची हार्डडिस्क, एक्सपी सर्व्हिस पॅक ३, त्यात पेजमेकर ७ (पानं लावायचं सॉफ्टवेअर), कोरल (डिझाइनचं), आणि श्रीलिपी (मराठी टायपिंगचं), तीही डोंगलवाली, म्हणजे मागे जुन्या प्रिंटर पोर्टला ते लॉक खोचलेलं असेल तरच चालणार. नव्या मशीनला तो पोर्टच नसतो. शिवाय एवढ्या वर्षांच्या पत्रिकांच्या फाइली त्यातच पडल्यात, आणि 'मोठ्याच्या लग्नात छापली होती तश्शीच द्या' म्हणणारं गिऱ्हाईक येतच राहतं, त्यामुळे हा डबा फेकायचा विषयच नाही.

(विप्रोचा जन्म ज्या गावात झाला, १९४५ साली, तेला-डालड्याचा कारखाना म्हणून, त्याच गावात बसून मी एक्सपीला नेट जोडून राहिलोय ह्याची गंमत मला एकट्यालाच वाटत होती. मामांचं दुःख वेगळं, आजोबांनी तेव्हा शेअर का घेतले नाहीत.)

आता नेट कशाला पाहिजे? मामांना यूट्यूब बघायचं नाहीये, त्याला फोन आहे. गिऱ्हाईक मॅटर व्हॉट्सअॅपवर पाठवतं, फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतं, आणि प्रूफ पण त्याला व्हॉट्सअॅपवरच पाहिजे. म्हणजे फोनमधली वस्तू एक्सपीत न्यायची आणि एक्सपीतली जेपीजी फोनमध्ये आणायची, बस्स. आतापर्यंत हे पेनड्राइव्ह आणि ओटीजीने चालायचं आणि पेनड्राइव्ह म्हटला की व्हायरस, फोल्डरचे शॉर्टकट होऊन जायचे, तो प्रकार प्रेसवाल्यांना वेगळा सांगायला नको. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधीच्या लग्नसराईत हे मशीन एक दिवस जरी बसलं तरी धंदा बसतो. म्हणून खालचा सगळा रिव्ह्यू ह्याच एका कसोटीवर आहे, फाइल येते का आणि जाते का. बाकी कोणाला एक्सपीवर गेम खेळायची असेल, जुन्या आठवणी काढायच्या असतील, त्यांची कसोटी वेगळी असणार, तेही बरोबरच आहे.

ब्राउझर डाउनलोड करायच्या आधी एक गोष्ट बघा, खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख. गंमत नाही करत. जुन्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेलेला असतो, आणि लाइट गेली की मशीन थेट कुठल्यातरी जुन्या सालात जाऊन बसतं. आपल्याकडे लाइट कधी जाते हे मी सांगायला नको. मग प्रत्येक साइटच्या सर्टिफिकेटची (साइट खरी असल्याच्या ओळखपत्राची) तारीख ब्राउझरला भविष्यातली दिसते आणि प्रत्येक पान लाल होतं, 'तुमचं कनेक्शन प्रायव्हेट नाही', आणि माणूस बिचारा ब्राउझर बदलत बसतो, अँटीव्हायरस काढून बघतो, फॉरमॅट मारतो. एक्सपीला नेटवरून वेळ जुळवून घ्यायची सोय आहे पण तारीखच चुकलेली असेल तर ते म्हणतं सुरक्षेच्या कारणासाठी मी जुळवणार नाही, आधी तारीख नीट करा! म्हणजे सगळ्यात गरज असते तेव्हाच ते हात वर करतं. वीस-तीस रुपयांचा सेल आहे, घड्याळाच्या दुकानातही मिळतो, तो बदलून मगच पुढचं वाचा.

दुसरं म्हणजे वायर. वायफायच्या नादी लागू नका. एक्सपीला सर्व्हिस पॅक ३ असेल तर डब्ल्यूपीए२ चा (वायफायच्या कुलपाचा एक प्रकार) पासवर्ड चालतो, पण नवे राउटर कधी डब्ल्यूपीए३ वर सेट असतात आणि ते एक्सपीच्या बापालाही कळत नाही, शिवाय जुन्या वायफाय कार्डाला फक्त २.४ गिगाहर्ट्झचा बँड दिसतो, ५ चा दिसतच नाही, आणि बाजारातल्या आजच्या छोट्या यूएसबी वायफाय डोंगलांना एक्सपीचा ड्रायव्हर शोधत बसणं म्हणजे नुसती डोकेदुखी. फायबरच्या राउटरला मागे लॅनची भोकं असतात, त्यातून साधी केबल आणा. जुन्या डेस्कटॉपला लॅन पोर्ट असतोच, नसेल किंवा जळालेला असेल तर आरटीएल८१३९ वाला जुना पीसीआय कार्ड मिळाला तर बघा, त्याचा ड्रायव्हर एक्सपीत आधीपासूनच आहे, लावला की चालू. केबल लावली, आयपी (नेटवर्कवरचा मशीनचा पत्ता) मिळाला, कोपऱ्यात दोन मॉनिटरचं चिन्ह लुकलुकलं, तर मामा लगेच, "चालस का रे भो आते?" नाही मामा, अजून नाही.

अजून का नाही, तर एक्सपीवरचा इंटरनेट एक्सप्लोरर ८ वर अडकलेला आहे आणि तो ज्या जुन्या टीएलएसमध्ये (साइटशी गुपित बोलायची भाषा) बोलतो त्यात आता कोणी बोलत नाही. टीएलएस १.० आणि १.१ मोठ्या ब्राउझरांनी २०२० च्या आसपास बंद केलं, साइटवाल्यांनी पण काढून टाकलं, आता १.२ आणि १.३ चा जमाना. क्रोम एक्सपीसाठी ४९ वर थांबला, ते २०१६. फायरफॉक्स ५२ ईएसआरवर (जास्त दिवस अपडेट मिळणारी आवृत्ती) थांबला, त्याला २०१८ पर्यंत अपडेट मिळाले. मायक्रोसॉफ्टने स्वतः ८ एप्रिल २०१४ लाच एक्सपीचं दुकान बंद केलं होतं. त्यात ३० सप्टेंबर २०२१ ला एक जुनं रूट सर्टिफिकेट (बाकी सर्टिफिकेटांना जामीन राहणारं) संपलं, ज्याच्या भरवशावर लेट्स एन्क्रिप्टवाल्या (ही फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था) हजारो साइटा जुन्या मशीनवर उघडत होत्या, तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं आपलं नेटच गेलं. 'परवापर्यंत चालत होतं हो' म्हणतात ना, त्यातले काही खरंच बरोबर असतात.

तर आता सुपरमियम. हा क्रोमच्याच पोटातल्या क्रोमियमवरून केलेला आहे, फक्त एक्सपी, व्हिस्टा, ७, ८ वर चालेल असा मागे वळवून घेतलेला. हे मला मोठं काम वाटतं, कारण गूगलने ज्या गोष्टी काढून टाकल्या त्या ह्या लोकांनी परत जोडल्यात आणि नवीन क्रोमियम आला की त्याच्या मागोमाग हेही येतात. स्वतःची सर्टिफिकेटांची यादी सोबत आणतो, टीएलएस १.३ येतं, त्यामुळे एक्सपीचं आतलं सगळं जुनाट असलं तरी पानं उघडतात. यूब्लॉक ओरिजिन सारखी जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शनं अजून चालतात, आणि जुन्या मशीनवर जाहिरात अडवणं ही चैन नाही, गरज आहे, अर्धा वेग तिथेच परत मिळतो.

एक अडचण सुरुवातीलाच येते, की तो उतरवायचा कुठून, कारण गिटहब (सॉफ्टवेअर ठेवायची साइट) उघडायला नवा ब्राउझर पाहिजे आणि नवा ब्राउझर गिटहबवर. फोनवर उतरवा आणि केबलने मशीनमध्ये टाका. त्यांच्या स्वतःच्या साइटवरून किंवा गिटहबवरूनच घ्या, 'एक्सपी के लिए लेटेस्ट क्रोम' असल्या व्हिडिओखालच्या लिंकवरून घेऊ नका, तिथे काय चिकटवलेलं असेल ते देव जाणे. आणि ३२ बिटवाला घ्या.

१ जीबी रॅमवर तो सुरू होतो, पण सुरू होणं आणि चालणं वेगळं. एक टॅब ठीक, दुसरा उघडला की हार्डडिस्कची कुरकुर सुरू, तिसऱ्याला माऊस गोठतो. २ जीबी केली तेव्हा माणसात आला. डीडीआर२ रॅम जुन्या बाजारात स्वस्त मिळते, टाकून घ्या. ४ टाकायला जाऊ नका, ३२ बिट एक्सपीला ती पूर्ण दिसत नाही, सव्वातीनच्या आसपास थांबते. व्हॉट्सअॅप वेब उघडलं, क्यूआर यायला वेळ लागला, एवढा की मामा तेवढ्यात समोरच्या टपरीवर चहा सांगून आले, पण आला, स्कॅन झाला, चॅट दिसले, मॅटर कॉपी झालं, फोटो उतरले. मामांचा चेहरा बघण्यासारखा होता. यूट्यूब मात्र विसरा, आजचे व्हिडिओ व्हीपी९ आणि एव्ही१ मध्ये (व्हिडिओ दाबून पाठवायचे नवे प्रकार) येतात आणि तेव्हाच्या ग्राफिक कार्डाला ते उलगडता येत नाहीत, सगळा भार प्रोसेसरवर, पंखा विमानासारखा. २४०-३६० वर ठेवलं तर कसंबसं.

आणि हे पण समजून घ्या की ब्राउझर चालला म्हणजे विंडोज नेटवर आलं असं नाही. सुपरमियम स्वतःचा संसार स्वतः घेऊन आलाय. एक्सपीच्या आतलं बाकीचं, म्हणजे आउटलुक एक्सप्रेस, कुठल्यातरी सॉफ्टवेअरचं आपोआप अपडेट, विंडोज अपडेट, हे सगळे अजून विंडोजच्याच जुन्या टीएलएसवर आणि जुन्या सर्टिफिकेटांवर चालतात, ते तसेच बंद राहणार. मामांना वाटलं आता टपाल पण आउटलुकमध्ये येईल. नाही येणार. जीमेल ब्राउझरमध्ये उघडा. कोणी नव्याने एक्सपी टाकत असेल तर जुने अपडेट ओढायला लेगसी अपडेट नावाचं स्वयंसेवकांचं टूल आहे, ते कामाचं आहे, आमच्याकडे सर्व्हिस पॅक ३ होताच म्हणून जास्त हात लावला नाही.

मायपाल ६८ पण टाकून बघितला. हा फायरफॉक्स ६८ वरचा, म्हणजे मूळ इंजिन २०१९ चं, वरून नवं थोडं थोडं जोडत राहतात. सुपरमियमपेक्षा हलका वाटतो, कमी रॅमवर बरा, बातम्या वाचायला, शासनाच्या पीडीएफ उतरवायला, विकिपीडियाला एकदम मस्त. पण मोठ्या, जड साइटांवर हा पुरा पडत नाही, कुठे बटणच दाबलं जात नाही, कुठे पान कोरं राहतं, हे इंजिन जुनं असल्यामुळे होणारच. ज्यांच्याकडे खरंच १ जीबीच्या वर रॅम जात नाही त्यांनी हा ठेवा. दोन्ही ठेवले तरी भांडत नाहीत.

मराठीचं सांगायचं राहिलं. पानावर मराठीऐवजी चौकोन दिसले तर घाबरू नका, मशीनमध्ये युनिकोड (सगळीकडे चालणाऱ्या आजच्या मराठी टायपिंगचा) फाँट नाही एवढाच अर्थ. कंट्रोल पॅनेलमध्ये रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची एक टिक असते, ती मारली की तो एक्सपीची सीडी मागतो, सीडी कोणाकडे असते आता, पण आय३८६ नावाचं फोल्डर जुन्या हार्डडिस्कवर कुठेतरी कॉपी केलेलं असतं बघा, त्याने काम होतं. मंगल नावाचा फाँट येतो. तेही नसेल तर मुक्ता किंवा लोहित सारखा फुकटचा फाँट फोनवरून आणून फाँट्स फोल्डरमध्ये टाका, ब्राउझरपुरतं भागतं.

पण डीटीपीवाल्याचं दुखणं त्याच्या पुढचं आहे. गिऱ्हाईकाने व्हॉट्सअॅपवर मराठीत टाइप करून पाठवलेलं मॅटर युनिकोड आहे आणि पेजमेकर ७ ला युनिकोड म्हणजे काय ते माहीत नाही, तो २००१ चा प्राणी. पेस्ट केलं की प्रश्नचिन्हांची रांग. म्हणून मधे युनिकोडचं श्रीलिपीत रूपांतर करावं लागतं, कन्व्हर्टर असतात, पण र्‍हस्व-दीर्घ आणि रफार एकदा डोळ्याखालून घालावेच लागतात, नाहीतर पत्रिकेत नवरदेवाच्या आजोबांचं नावच बदलून जायचं आणि मग मांडवात प्रेसवाल्याच्या नावाने शंख. बरेच ऑपरेटर सरळ फोन शेजारी ठेवून परत टाइप करतात, त्यांना ते लवकर होतं, मी त्यांना दोष देणार नाही. गिऱ्हाईक डॉक्सएक्स पाठवतं आणि ऑफिस २००३ ते उघडत नाही, त्याला लिबरऑफिसचं ५.४ टाका, एक्सपीवर चालणारं ते शेवटचं. व्हीएलसी ३ आणि सेव्हन झिप पण एक्सपीवर चालतात, तेवढी दोन ठेवाच.

आता दुकानांचं. मशीन मधेच बंद पडायचं म्हणून कॅबिनेट मांडीवर घेऊन सुरत-भुसावळ लाइनच्या गाडीने जळगावला नेलं, गोलाणी मार्केटला. नाव कोणाचंच घेत नाही. पहिल्या गाळ्यात झाकणसुद्धा न उघडता सांगितलं, "काका, भंगारात द्या, नवीन असेंबल करून देतो, ईएमआयवर." डोंगलचं सांगितलं तर म्हणे क्रॅक टाकून देऊ. मामा तिथून जे उठले ते उठलेच, कारण त्या सॉफ्टवेअरला त्यांनी पैसे मोजलेत आणि त्याचा त्यांना अभिमान आहे.

आतल्या बाजूच्या एका अरुंद गाळ्यात मात्र माणूस भेटला. गाळ्यात दोघं उभे राहिले की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. त्याने आधी कॅबिनेट उघडून ब्लोअर मारला, त्यातून प्रेसमधली कागदाची भुकटी आणि अमळनेरची धूळ एवढी निघाली की शेजारचा गाळेवाला ओरडला. मग टॉर्च धरून दाखवलं, प्रोसेसरजवळचे कपॅसिटर फुगलेत, वरून घुमटासारखे झालेत, म्हणून मशीन बंद पडतंय, विंडोजचा काही संबंध नाही. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झाली होती. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, पत्र्याच्या शेडमध्ये मशीन, मग काय होणार. कपॅसिटर बदलले, पेस्ट लावली, सेल टाकला, जुनी तपासलेली रॅम दिली. पैसे वाजवी घेतले, मामांनी घासाघीस पण केली नाही, आणि मामा घासाघीस करत नाहीत म्हणजे समजून घ्या.

त्याच्यात कमी काय, तर 'संध्याकाळी ये' म्हटलं की ती संध्याकाळ कोणत्या दिवसाची हे विचारून घ्यायचं, बिल देत नाही, आणि गॅरंटी तोंडी, "बिघडलं तर मी आहे ना भाऊ." बाहेरगावहून येणाऱ्याला हे अवघड जातं. तरीपण माझ्याकडून पाचात साडेचार, कारण त्याने आम्हाला काहीच विकायचा प्रयत्न केला नाही.

सुरक्षेचं आता, कारण कोणीतरी म्हणणारच की एक्सपी नेटला लावला की पाच मिनिटांत हॅक. पूर्वी ते खरं होतं. मॉडेमने थेट नेटला जोडलेल्या मशीनमध्ये २००३ चा ब्लास्टर आणि २००४ चा सॅसर हे व्हायरस काही न करता आपोआप शिरायचे. आता मधे राउटर असतो, बाहेरून कोणी सरळ तुमच्या मशीनचं दार ठोठावू शकत नाही, म्हणून नुसती केबल लावल्याने काही होत नाही. आणि २०१७ च्या वॉनाक्रायची (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) सगळे एक्सपीवर बिलं फाडतात, पण त्यात जास्त मार विंडोज ७ वाल्यांना बसला होता, ज्यांच्यासाठी पॅच (भोक बुजवणारं अपडेट) मार्चमध्येच आला होता आणि त्यांनी टाकला नव्हता. मायक्रोसॉफ्टने तेव्हा एक्सपीसाठी पण पॅच काढला, तो टाकून घ्या. पण घरातल्याच दुसऱ्या मशीनमधून, पेनड्राइव्हमधून, उतरवलेल्या ईएक्सईमधून जे येतं त्याला राउटर काय करणार? ब्राउझर कितीही नवा असला तरी खालचं विंडोज २०१४ पासून उघडं पडलंय. म्हणून बँक नाही, यूपीआय नाही, आधारचं काही नाही, ईमेलचा मुख्य पासवर्ड नाही. व्हॉट्सअॅप वेबसुद्धा मला कायमचं लॉगिन ठेवणं पटलं नाही.

आणि इथेच ते आलं जे मी वर म्हटलं होतं. मामांच्या कामाला नेट पाहिजेच कुठे? फोनवर एफटीपी (फाइली पाठवायची जुनी पद्धत) सर्व्हरचं एखादं फुकटचं अॅप टाकायचं, फोन त्याच राउटरच्या वायफायवर, एक्सपी केबलने त्याच राउटरला. अॅप एक पत्ता दाखवतं, एफटीपीने सुरू होणारा, मागे आयपी आणि पोर्ट. तो एक्सपीच्या साध्या माय कॉम्प्युटरच्या अॅड्रेस बारमध्ये टाकायचा, की फोनचे फोल्डर समोर! ब्राउझर नाही, क्यूआर नाही, रॅम नाही, १ जीबीवर पण पळतं. व्हॉट्सअॅपचे फोटो ओढून घ्या, प्रूफची जेपीजी परत टाका, फोनवरून गिऱ्हाईकाला पाठवा. एफटीपी एवढं जुनं आहे की एक्सपीला ते व्यवस्थित येतं, हीच त्यातली खुबी. फाइलचं नाव मराठीत असेल तर एक्सपीत भलतीच चिन्हं दिसतात, म्हणून नाव आधी फोनवर इंग्रजी करून घ्या. काम झालं की अॅप बंद, आणि पासवर्ड लावून ठेवा.

विंडोज १० किंवा ११ वाल्या मशीनशी फोल्डर शेअर करून का नाही केलं असं कोणी विचारेल, तर एक्सपी फाइल शेअरिंगला एसएमबी १ वापरतो आणि विंडोज १० ने २०१७ च्या शेवटीच नव्या मशीनवर ते टाकणं बंद केलं. चालू करता येतं पण वॉनाक्राय त्याच दारातून आला होता, मग कशाला.

ह्याच्या पुढची पायरी म्हणजे एक्सपीला हाताने आयपी द्या आणि गेटवेचा (बाहेर नेटवर जायच्या दाराचा) रकाना रिकामा सोडा. मग तो फोनशी बोलतो पण बाहेर नेटवर जाऊच शकत नाही. मला सगळ्या खटाटोपात हे सगळ्यात जास्त आवडलं. मामांच्या मशीनवर आता हेच आहे. सुपरमियम टाकलेला आहे, चालतोय, पण त्याला नेट नाही, अशी मजा.

मग मशीनवरून नेट पाहिजेच झालं तर? त्यासाठी अँटीएक्स. ही लिनक्स आहे, जुन्या मशीनसाठीच बनवलेली, ३२ बिटमध्ये अजून मिळते, २३ वाली डेबियन १२ वर आहे. पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून बघता येते, हार्डडिस्कला हात न लावता. सुरुवातीला अवतार बघून मामा म्हणाले "हाई काय शे?", कारण दिसायला फारच साधी, पण १ जीबीवरच्या एक्सपी-सुपरमियमपेक्षा २ जीबीवरची अँटीएक्स मला जास्त मोकळी वाटली, आणि मुख्य म्हणजे हिला अपडेट येतात, म्हणजे लाइटबिल भरायला निदान भीती नाही वाटत. मराठी लोहित फाँट टाकला की एकदम स्वच्छ दिसतं. एक खोडी आहे, हार्डडिस्कवर एक्सपीच्या शेजारी टाकली की घड्याळ साडेपाच तास पुढे-मागे होतं, कारण लिनक्स मशीनचं घड्याळ ग्रीनिचचं समजते आणि एक्सपी आपलं भारताचं. लिनक्सलाच सांगायचं की लोकल टाइम धर. नाहीतर परत ते सर्टिफिकेटांचं रामायण. आणि ३२ बिटचं आयुष्य आता थोडंच आहे हे पण धरून चाला, फायरफॉक्सने ३२ बिट लिनक्ससाठी १४४ ला शेवट केलाय, ईएसआर १४० वर काही दिवस निघतील. तुमचा प्रोसेसर ६४ बिट असेल, कोअर २ ड्युओ वगैरे असतातच, तर ६४ बिटचीच टाका.

विंडोज ७ वाल्यांना एवढं काही करायला नको. क्रोम १०९ वर थांबलाय, तो सोडा, फायरफॉक्स ११५ ईएसआर किंवा सुपरमियम टाका, वायफायही धड चालतं, फोनचं यूएसबी टेदरिंग लावलं की आपोआप ओळखतो. विंडोज ९८ वाल्यांनी हौस म्हणून रेट्रोझिला आणि फ्रॉगफाइंड बघावं, फ्रॉगफाइंड साइटांमधलं सगळं झाड-झुडूप काढून नुसता मजकूर देतं, बाकी कामाची अपेक्षा ठेवू नका. आमच्याकडे कोणाला बीएसएनएलचं १७२२३३ डायल करून नेट लावलेलं आठवत असेल तर त्याला तो वेग परत अनुभवता येईल.

हे सगळं करायच्या आधी एक काम मात्र करा, हार्डडिस्कची क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल. क्लोनझिला फुकट आहे, एखादी जुनी पण चांगली डिस्क घ्या आणि जशीच्या तशी उतरवून कपाटात ठेवा. ब्राउझर परत मिळतो, सेल परत मिळतो, कपॅसिटर पण मिळतात. मामांची ती ८० जीबीची डिस्क सुरू होताना टक-टक आवाज करायची, गोलाणीवाल्यानेच कान लावून सांगितलं, भाऊ आधी ही उतरवून घे, बाकी नेट-बिट नंतर.